पाटे बदलल्यानंतरची टेस्ट ड्राइव्ह

मेकॅनिकलच्या मुलीने मासिकात लिहायचं म्हणजे एक तर कविता, नाहीतर 'इंजिनिअरिंगमध्ये मुली' असा लेख, हे मराठी विभागाच्या संपादकांनी धरूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, "मी जीपवर लिहिणार." त्यांनी विचारलं, "प्रवासवर्णन का?" म्हटलं, "नाही हो. प्रवास एकूण साडेचार किलोमीटरचा झाला. त्यातले शेवटचे शंभर मीटर लिहिण्यासारखे आहेत."

तर विषय असा : जुन्या, दगडधोंड्यांतून चालणाऱ्या गाडीचं सस्पेन्शनचं काम केल्यावर ती रस्त्यावर कशी काढावी? आपल्या सिलॅबसमध्ये लीफ स्प्रिंग आहे, कॅस्टर आहे, टो-इन आहे. परीक्षेत हे सगळं वेगवेगळ्या प्रश्नांत येतं. जीपमध्ये मात्र ते एकाच वेळी, एकाच चाकात येतं. हे मला कसं कळलं ते सांगते, आणि मग तपासणीची पद्धत देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्यावं. 'शॅकल'ला मराठी शब्द मला आजही माहीत नाही. मिस्त्रींनाही नव्हता, तेव्हा मनाला बरं वाटलं.

जीप आणि तिचे पाटे

जीप आजोबांची. १९९२ सालची महिंद्रा एमएम ५४०. आत एक्सडीपी ४.९० हे प्यूजोच्या परवान्याने बनवलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. या गाडीचं घराणं दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तोच मूळ सांगाडा पुढे कितीतरी वर्षं वेगवेगळ्या नावांनी चालत राहिला. शिडीसारखी चेसिस, पुढे एक अखंड ॲक्सल, मागे एक अखंड ॲक्सल, आणि चार कोपऱ्यांत चार लीफ स्प्रिंगा. कराड भागात लीफ स्प्रिंगला सरळ 'पाटे' म्हणतात. मी पहिल्या दिवशी मिस्त्रींसमोर 'सेमी-इलिप्टिकल लीफ स्प्रिंग' म्हणाले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

पाट्याचं काम दुहेरी असतं, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. तो स्प्रिंग तर आहेच, शिवाय ॲक्सलला जागेवर धरून ठेवणारा दुवाही तोच. मारुतीच्या नव्या गाडीत स्प्रिंग वेगळी आणि चाक धरणारे आर्म वेगळे असतात. जीपमध्ये पाट्याचं एक टोक चेसिसला पिनने पक्कं, दुसरं टोक शॅकलवर झुलतं, आणि मधे दोन यू-बोल्टांनी ॲक्सल आवळलेला. म्हणजे पाटा हलवला की ॲक्सल हलला, आणि ॲक्सल हलला की स्टिअरिंगची भूमिती हलली. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आजोबा गेल्यावर जीप दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. पाटे बसले होते, म्हणजे त्यांची कमान सपाट झाली होती. पुढचा एक पाटा तर तुटलाच होता. आजीच्या मनात होतं की यंदा पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेला त्याच जीपने जायचं, आजोबा असताना जायचो तसं. पाल म्हणजे उंब्रजजवळचं, तारळी नदीच्या काठावरचं. मामाने पुढचे-मागचे चारही पाटे नवे टाकायचं ठरवलं. माझी सेमिस्टरची परीक्षा संपून मी डिसेंबरमध्ये गावी पोचले तेव्हा काम निम्म्यावर आलं होतं.

माझं 'डिझाइन'

इथे माझा प्रवेश. हॉस्टेलवर रात्री जागून मी उचललेल्या जीपचे इतके व्हिडिओ पाहिलेले की विचारू नका. मी मामाला म्हटलं, "नवे पाटे टाकतोयस ना, मग शॅकल पण पाच सेंटिमीटर लांब टाक. गाडी दोन इंच उंच होईल. काय रुबाब येईल!" मामाने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, पुढं लांब शॅकल लावू नगा. हँडल वारं खाईल."

'हँडल वारं खाईल' हे काही मला पटलं नाही. हे काय कारण झालं? मी पाच मिनिटं ग्राउंड क्लिअरन्स, ॲप्रोच अँगल असं बोलले. मिस्त्रींनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून लांब शॅकल कापून, भोकं पाडून आणले. चारही चाकांना बसवले. गाडी खाली उतरवली तेव्हा पहिला धक्का : दोन इंच लांब शॅकल लावून गाडी जेमतेम एक इंच उचलली होती. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पाट्याचं एक टोक पिनला पक्कं आहे, दुसरं पाच सेंटिमीटर खाली गेलं, ॲक्सल मधोमध आहे. मग मधला बिंदू अडीचच सेंटिमीटर खाली जाणार. शाळेतली भूमिती. पण मी म्हटलं, पाटे नवे आहेत, अजून बसायचे असतील. (नव्या पाट्यांनी बसून गाडी उंच होत नाही, खालीच येते. हेही तेव्हा सुचलं नाही.)

पहिली टेस्ट ड्राइव्ह

सकाळी साडेसात. मी गाडीवर, शेजारी मामा, मागे पान्यांच्या डब्याशेजारी मिस्त्री. अंगणात एक फेरी मारली, ब्रेक लागतात हे बघितलं, आणि म्हटलं, "चला." ही माझी संपूर्ण तपासणी.

गावातून डांबरी रस्त्यावर आलो. तिसऱ्या गिअरला चाळीसचा वेग. एक वळण घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाहीये, मलाच ओढून सरळ करावं लागतंय. सरळ रस्त्यावर गाडी जरा तरंगल्यासारखी, डावीकडे-उजवीकडे फिरत होती. आणि मी काय म्हणावं? मी मामाला म्हटलं, "बघ, किती हलकं झालंय! पॉवर स्टिअरिंगसारखं." मिस्त्री मागून म्हणाले, "हालकं झालंय खरं."

पुढे ओढ्यावरची मोरी आहे. तिथे डांबर आणि सिमेंटच्या सांध्यात खड्डा पडलेला. वेग पन्नासच्या वर गेला होता. डावं चाक खड्ड्यात आदळलं आणि स्टिअरिंग माझ्या हातात वेड्यासारखं थरथरायला लागलं. थरथर हा शब्द कमी पडतो. पुढची दोन्ही चाकं एकदम डावी-उजवी, डावी-उजवी फडफडत होती, बॉनेट हलत होतं, समोरची काच दिसेनाशी झाली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या, वर टेपवर गाणी. मी दचकून जोरात ब्रेक दाबला. थरथर दुप्पट झाली. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, आणि जे चाक आधीच नाचतंय त्याच्यावरच आणखी भार पडतो, हे कारण मला नंतर समजलं. त्या क्षणी ऐकू आला तो मामाचा आवाज : "ब्रेक सोड! पाय वर घे! हँडल नुसतं धर, भांडू नको त्याच्याशी!"

मी पाय काढला. वेग विसाच्या खाली आला आणि थरथर जशी सुरू झाली तशी अचानक थांबली. जीप रस्ता सोडून पाटाच्या चारीत डावं चाक घालून उभी राहिली. ट्रॅक्टर शेजारून गेला. ड्रायव्हरने वळून बघितलं, गाणं चालूच होतं. स्टिअरिंगच्या आऱ्यात अडकलेला माझा उजवा अंगठा पुढे आठवडाभर सुजून होता.

मिस्त्री उतरून खाली शिरले. पुढच्या डाव्या यू-बोल्टच्या नटला पाना लावला, तो जोर न लावता अर्धा फेरा फिरला. आदल्या संध्याकाळीच आवळलेला होता तो. पंधराच्या वेगाने घरी आलो. आजीने विचारलं, "कशी चालली गं जीप?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "झकास. रस्त्यात एक खड्डा होता जरा."

यात्रेला त्या जीपमध्ये आजीसकट नऊ माणसं बसायची होती. त्यात मामाची दोन लहान मुलं. ही गोष्ट मला दुपारी जेवताना आठवली आणि घास गिळवेना.

सुजल्या अंगठ्याने केलेलं गणित

दुपारी मी मिस्त्रींना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही लावले कशाला लांब शॅकल?" ते सहज म्हणाले, "तुमी इंजिनेर. म्हटलं, काय तरी हिशोब केला आसंल."

हिशोब केला नव्हता. तो मी त्या रात्री केला. चार ओळींचा आहे. इथे देते.

आधी कॅस्टर म्हणजे काय. सायकलचा पुढचा चिमटा उभा नसतो, किंचित मागे कललेला असतो. त्या चिमट्याची रेष खाली वाढवली तर ती जमिनीला चाक टेकतं त्या बिंदूच्या थोडी पुढे टेकते. म्हणजे चाक वळणाच्या अक्षाच्या मागून फरफटत येतं. फरफटत येणारी वस्तू आपोआप सरळ होते. म्हणून सायकलचे हात सोडता येतात. जीपमध्ये चिमट्याच्या जागी किंगपिन असते, आणि ती मागे कललेली असते त्या कोनाला कॅस्टर म्हणतात. जुन्या जीपच्या घराण्यात हा कोन ३ अंशांचा. चाकाची त्रिज्या आमच्या जीपला सुमारे ३६० मि.मी. मग फरफटीचं अंतर = ३६० × टॅन ३° = सुमारे १९ मि.मी. एवढ्याशा अंतरावर जीपचं सरळ चालणं अवलंबून आहे.

आता पाटा. पुढच्या पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर आम्ही मोजलं, ते सुमारे ९०० मि.मी. भरलं. या जीपमध्ये पुढच्या पाट्याची पक्की पिन मागच्या बाजूला आणि शॅकल अगदी पुढे, बंपरपाशी असतो. शॅकल ५० मि.मी. लांब केला म्हणजे पाट्याचं पुढचं टोक ५० मि.मी. खाली गेलं. पाटा किती अंशाने पुढे झुकला? ५० भागिले ९००, त्याचा टॅन इन्व्हर्स : ३.२ अंश. पाट्याला ॲक्सल आवळलेला आहे, म्हणून ॲक्सलही ३.२ अंश पुढे झुकला. किंगपिनचा वरचा भाग पुढे आला.

मूळ कॅस्टर ३. त्यातून गेले ३.२. उरलं काय? शून्याच्याही खाली. मिस्त्री ज्याला 'हँडल वारं खाईल' म्हणाले ते हेच. आणि मी ज्याला पॉवर स्टिअरिंग म्हणाले तेही हेच.

दुसऱ्या दिवशी मोजूनही पाहिलं. अलाइनमेंटचं यंत्र तालुक्याला. माझ्याकडे मामेभावाची कंपासपेटी होती. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली एक नट लोंबकळवला, म्हणजे गवंड्याचा ओळंबाच झाला. गाडी सपाट कोब्यावर उभी केली, कोनमापकाची सरळ कड किंगपिनच्या वरच्या झाकणाच्या सपाट भागावर टेकवली आणि दोरा कुठे पडतो ते वाचलं. लांब शॅकल असताना दोरा शून्यावर. या साधनावर अर्ध्या अंशाखालचं वाचता येत नाही, पण शून्य आणि तीन यातला फरक कळायला ते पुरेसं आहे.

पण एकटा कॅस्टर दोषी नाही

इथे एक काळजी घ्यायला हवी. कॅस्टर कमी झाला की गाडी भरकटते, वळणानंतर सरळ येत नाही. पण चाकं अशी फडफडायला सहसा आणखी काहीतरी लागतं. पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर, एकाच टाय रॉडने जोडलेली. एक चाक खड्ड्यात आदळून वर गेलं की ॲक्सल तिरपा होतो. फिरतं चाक तिरपं केलं की ते भोवऱ्यासारखं बाजूला वळायला बघतं. जोडणीत कुठेही सैलपणा असेल तर ते वळतं, दुसऱ्या चाकाला वळवतं, मग ॲक्सल उलट्या बाजूला झुकतो, आणि एक हिसका दुसऱ्या हिसक्याला पोसत राहतो. इंग्रजीत जीपवाले याला 'डेथ वॉबल' म्हणतात. अर्थ सांगायला नको.

आम्ही सैलपणा शोधायला बसलो. एकाने स्टिअरिंग हलकेच डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर हात ठेवायचा. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं. तीन गोष्टी सापडल्या. डाव्या टाय रॉडचा सांधा झिजलेला. उजवं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खुळखुळ. आणि तिसरा तो यू-बोल्ट. झीज जुनीच होती. जुन्या भूमितीत ती झाकली गेली होती, माझ्या शॅकलने तिला मोकळं रान दिलं.

यू-बोल्ट सैल का झाला? त्यात कोणाची चूक नाही. नव्या पाट्यांवर रंग असतो, बैठकीत गंज असतो, पाटे एकमेकांवर अजून नीट बसलेले नसतात. पहिल्या काही धक्क्यांत हे थर दबतात आणि बोल्टचा ताण उतरतो. म्हणून तो पुन्हा आवळावाच लागतो. न आवळला तर सगळा भार पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटला की ॲक्सल पाट्यावरून मागे सरकतो. पुढे काय होईल याची कल्पना करा.

आणखी एक. लांब शॅकल काढण्याआधी आम्ही चेसिस जॅकने उचलून ॲक्सल लोंबकळू दिला. पुढचा ब्रेकचा रबरी होज तारेसारखा ताणला होता. मी त्या दिवशी डांबरी रस्त्याऐवजी ओढ्यात उतरले असते, तर पहिल्या खोल चरात तो तुटला असता.

मूळ मापाचे शॅकल परत लावले, टाय रॉडचा सांधा नवा टाकला, किंगपिनची एक शिम काढून खुळखुळ घालवली. कोनमापकावरचा दोरा अडीच ते तीनच्या मधे आला. मिस्त्रींनी शॅकल उलटे बसवायची मजुरी घेतली नाही. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या परीक्षेची फी समजा."

दुसरी टेस्ट ड्राइव्ह : पायरी पायरीने

आता ज्यासाठी लेख लिहिला तो भाग. यातलं बरंचसं मिस्त्रींचं आहे, क्रम लावण्याचं काम माझं.

*पहिली पायरी : गाडी उभी असताना.* प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून वहीत लिहा. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर पाटा चुकीचा बसलाय किंवा पाट्यांची संख्या वेगळी आहे. इथे एक गणित लक्षात ठेवा : पाट्यांची संख्या वाढवली तर कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो, पण जाडी वाढवली तर घनाने. ६ मि.मी.ऐवजी ७ मि.मी. जाडीचे पाटे टाकले तर कडकपणा जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो. 'एक मिलिमीटरने काय होतंय' असं दुकानदार म्हणाला तर त्याला हे सांगा.

शॅकलच्या आणि पिनच्या बोल्टमध्ये रबरी बुश असतील तर ते बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. गाडी घोड्यांवर असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि लवकर फाटतं. यू-बोल्टचे चार नट आडव्या-तिडव्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळा. मग प्रत्येक नट आणि खालची पट्टी यांवरून एक सरळ रेघ ओढा. आम्ही माझं लाल नेलपॉलिश वापरलं. नट फिरला की रेघ मोडते आणि लांबून कळतं. बाटली मिस्त्रींनी ठेवून घेतली.

स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायर कुठे पाट्याला किंवा होजला घासतो का ते बघा. ॲक्सल लोंबकळवून ब्रेक होज आणि प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट तपासा. टो-इन सुतळी आणि खडूने मोजता येतं : चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मि.मी. कमी असावं.

शेवटी बंपरवर वजन टाकून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकॲब्सॉर्बर ठीक. दोन-तीनदा झुलत राहिली तर नाही. एक वेळचं गणित हवं असेल तर : गाडीच्या वजनाने पाटा १०० मि.मी. दबत असेल तर ती सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलेल. ६० मि.मी.च दबत असेल तर २ वेळा, आणि मागे बसणाऱ्यांच्या कमरेला ते कळेल.

*दुसरी पायरी : अंगण.* माणूस चालेल त्या वेगाने. आधी ब्रेक, मग पूर्ण वळणं, मग रिव्हर्स. काच खाली, रेडिओ बंद. 'टक' असा एकच आवाज सुरू होताना आणि थांबताना आला तर कुठलातरी बोल्ट सैल आहे. बारीक किरकिर आली तर पाट्यांमधलं घर्षण असेल, ते चालतं.

*तिसरी पायरी : पाणंद.* मी पहिल्यांदा थेट रस्त्यावर गेले, ते उलटं होतं. आमच्या शेतापर्यंत पाणंद आहे. फोर व्हील टाकून, लो गिअरमध्ये, एक चाक बांधावर आणि त्याच बाजूचं दुसरं चाक चरात घालून थांबायचं. मग उतरून बघायचं : कुठला टायर टेकतोय, कुठला होज ताणलाय, शॅकल उलटा तर झाला नाही ना. इथे दुसरा माणूस बाहेर हवाच. मामा बाहेर होता, ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. फोर व्हील फक्त मातीतच. कोरड्या डांबरावर नको, कारण पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात.

*चौथी पायरी : रस्ता.* ओळखीचा, रिकामा, सरळ रस्ता. वीस, तीस, चाळीस, पन्नास अशा टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्यावर एक किलोमीटर. प्रत्येक वळणानंतर पकड किंचित सैल करून बघा, स्टिअरिंग आपणहून सरळ येतं का. येत नसेल तर त्याला 'हलकं झालं' म्हणू नका. परत फिरा. अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांच्या बाहेर, रिंगवर. फडफड सुरू झालीच तर जोरात ब्रेक नको, स्टिअरिंगशी कुस्ती नको. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, रिंग घट्ट पण शांत धरा, वेग उतरू द्या.

*पाचवी पायरी : परत आल्यावर.* चारही हबजवळ हात न्या. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. रेघा बघा. यू-बोल्ट पुन्हा आवळा. मग ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा. आमच्या जीपच्या दोन नटांवरची रेघ पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये मोडली होती. दुसऱ्यांदा आवळल्यावर नाही मोडली.

*सहावी पायरी : भरलेली गाडी.* ही बहुतेक जण विसरतात. रिकामी जीप आणि नऊ माणसांची जीप या दोन वेगळ्या गाड्या आहेत. आम्ही मागे ज्वारीची पोती टाकून पुन्हा चौथी पायरी केली.

कायद्याचंही एक सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. आणि पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीचं दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नवं करावं लागतं, तेव्हा गाडी तपासून घेतात. मला हे आधी माहीत असतं तर मिस्त्रींच्या वाऱ्याआधी मी कायद्यालाच घाबरले असते.

शेवटी

आपल्यातले काही जण बाहाच्या गाडीवर काम करणार आहेत. तिचं सस्पेन्शन वेगळं, नवं, तुम्हीच काढलेलं असेल. पण ती पहिल्यांदा बाहेर काढताना थेट ट्रॅकवर नेऊ नका. आधी अंगण, मग पाणंद, मग रस्ता. आणि ज्याने हाताने काम केलंय तो माणूस 'असं करू नका' म्हणाला, तर त्याचे शब्द आपल्या पुस्तकात नाहीत म्हणून सोडून देऊ नका. त्यांचं भाषांतर करून बघा. 'हँडल वारं खाईल' याचं भाषांतर ३ वजा ३.२ असं होतं. मला ते करायला पाच दिवस आणि एक अंगठा लागला.

यात्रेच्या दिवशी जीप मामाने चालवली. मी मागे, पोरांच्या आणि नारळांच्या मधे. आजी पुढे बसली होती. मोरी आली तेव्हा मामाने वेग कमी केला आणि आरशात माझ्याकडे बघितलं. डावं चाक खड्ड्यात गेलं, दणका बसला, स्टिअरिंग एकदा हललं आणि आपणहून सरळ आलं.

आजी म्हणाली, "हाच होय रे तो खड्डा?"

मामा म्हणाला, "हाच."

पालहून परत आल्यावर, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या हातांनीच मी जीपखाली गेले आणि नटांवरच्या रेघा बघितल्या. सगळ्या सरळ होत्या.